बर्फघरामागे कोण उभे होते

कुरोसे बेट,
१४ मे २०२४

तोकुजी,

पत्रारंभीचे ऋतूचे वाक्य आज शेवटी लिहीन, आधी दुरुस्ती.

आपल्या वर्गपत्रिकेच्या ताज्या अंकात तू लिहितोस: ‘ज्यांनी चाळीस वर्षं बेटावरच्या पोरांना रडवलं, ते आपले इसोबे मास्तर परवा गुरुवारी रात्री चित्रांची मालिका बघताना ढसाढसा रडले. चौथा भाग होता. शेजारीण धावत आली, तिला वाटलं घरात कुणी गेलं.’ हा मजकूर आपल्या तुकडीतील हयात असलेल्या अकराही जणांकडे गेला आहे, म्हणून उत्तर लेखी देणे भाग आहे.

मी अडतीस वर्षे शिकवले, चाळीस नव्हे. भाग पाचवा होता. गुरुवार नव्हता: दूरचित्रवाणीवाले त्या मालिकेची वेळ ‘गुरुवारी पंचवीस वाजून पंचवीस मिनिटे’ अशी छापतात, परंतु दिवसाला पंचविसावा तास नसतो. तो शुक्रवार, ३ मे होय. आणि मी तर भाग यंत्रावर उतरवून घेऊन सकाळी न्याहारीनंतर पाहतो. नाकागामीबाई धावत आल्या नाहीत. त्यांचा गुडघा पाहता ते शक्यही नाही. त्या भांडे परत द्यायला आल्या होत्या. राहिले रडणे. मी चष्मा दोनदा काढला आणि दोनदा पुसला. त्याच वेळी तुझा दूरध्वनी आला, हे माझे दुर्दैव. यापुढे आपण पत्रानेच बोलू. तोंडी बोललेले दुरुस्त करता येत नाही.

मात्र मी ती मालिका पाहतो, हे खरे. ‘आपलं बेट ॲनिमेत येणार आहे, बघ,’ असे तू मार्चमध्ये म्हणालास, तेव्हा मी उत्तर दिले होते की प्रौढ माणसाने हलती चित्रे पाहू नयेत. ते उत्तर मी मागे घेतो. ‘आठ मैल पाणी’ हे नाव मला प्रथम बालिश वाटले. आता दर शुक्रवारी मी स्वच्छ सदरा घालून बसतो.

शाळेचा शिपाई योहेई आणि त्याची मुलगी इतो, एवढीच माणसे. आई वारल्यावर नऊ वर्षांची इतो पहिल्यांदाच मिसोचे सार करते. ते भयंकर खारट होते. बाप एक वाटी पितो, दुसरी मागून घेतो, आणि मग शाळेच्या आवारातल्या नळाला तोंड लावून किती तरी वेळ पाणी पितो. त्याची पाठ दिसते आणि नळ दिसतो. तोकुजी, न बोलणाऱ्या माणसाचे मन कसे चालते, हे त्या पंचविशीतल्या चित्रकारांना कोठून कळले असेल? मला असे वाटले, की कोणी तरी न विचारता माझ्या घरात येऊन बसले आहे आणि तरीही मला त्याचा राग येत नाही.

दोष नाहीत असे नाही. दुसऱ्या भागात इतो मुख्याध्यापकांशी बरोबरीच्या माणसाशी बोलावे तशी बोलते. मी निर्मात्यांना सहा चुका कळवल्या, आणि खाली जागा उरली म्हणून मालिका उत्तम असल्याचेही लिहिले. त्यांचे छापील आभारपत्र आले. त्यावर इतोचे चित्र आहे. ते मी फुमीच्या तसबिरीशेजारी, उदबत्तीपासून जरा दूर, ठेवले आहे. ती असती तर मला हसली असती.

माझ्या मुलीची काही बातमी आहे का, असे तू दरवेळी विचारतोस. नाही. नात्सुएचे नववर्षाचे कार्ड तुला येते, मला येत नाही. तेव्हा हा प्रश्न मी तुला विचारावयास हवा.

उडते मासे किनाऱ्याला लागले. सकाळी धक्क्यावर खवल्यांमुळे पाय घसरतो.

इसोबे शिगेनोरी


योनागो,
२० मे

मास्तर,

पत्र पोचलं. सोबत लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेली वर्गपत्रिकाही पोचली. ती मी सूनबाईला दाखवली. ती म्हणाली, ‘बाबा, हे तुमचे मित्र आहेत ना?’ मी म्हटलं, ‘बाई गं, सत्तर वर्षं झाली, अजून नक्की ठरलेलं नाही.’

चष्मा पुसताना माणूस हुंदके देतो हे मला या वयात कळलं. असो. नाकागामीबाईंच्या गुडघ्याची मात्र जाहीर माफी मागतो.

आणि सहा चुका कळवल्यास? अरे, त्या पोरांनी डोळे फोडून एकेक चित्र काढायचं, आणि तू त्यांना सांगायचं मुख्याध्यापकांशी कसं बोलावं! तुला आभारपत्र पाठवणाऱ्याचे पाय धरले पाहिजेत.

इथं बरं चाललंय. चाळीस वर्षं धक्क्यावर बोटीचे दोर बांधले-सोडले, आता कपडे वाळत घालायची दोरी दिसली तरी हात जातो. सूनबाई ओरडते, ‘बाबा, ओले कपडे आहेत त्यावर!’ समुद्र इथूनही दिसतो, पण बेट नसलेल्या बाजूचा.

एक सांगू का? शेवटाकडे फार जीव लावून बघू नकोस. चित्रं ती चित्रं. बनवणारे लोक इकडचं तिकडे करतात, तिकडचं इकडे. दहावा-अकरावा भाग यायच्या सुमाराला तू एखादा दिवस नाकागामीबाईंकडे चहाला जा. कधी गेला आहेस का?

नात्सुएचं कार्ड जानेवारीत आलं होतं. तेच दरवर्षीचं. ओसाका, केसांच्या दुकानाचा पत्ता, ‘काका, तब्येतीला जपा.’ तुझं नाव नसतं. पण काय आहे ना, ‘काका’च्या खाली एक ओळ ती नेहमी मोकळी सोडते.

तोकुजी


कुरोसे बेट,
७ जून

तोकुजी,

या पत्रात ऋतूचे वाक्य नाही. ते मी विसरलेलो नाही.

आज सकाळी दहावा भाग पाहिला. इतो अठरा वर्षांची झाली आहे. बापाने मुख्य भूमीवरच्या शिक्षण महाविद्यालयात तिची जागा पक्की केली होती. तिने ती परस्पर नाकारली, आणि शिवणकाम शिकायला शहरात जायचे ठरवले. बापाला हे टपालवाल्याकडून कळते. तो तिला म्हणतो, ‘कोणत्या बोटीने जाणार ते मला सांगू नकोस.’ इथवर मी स्वतःची समजूत घातली, की बेटावर असे घरोघरी घडते.

मग ती निघण्याची सकाळ येते. मार्चअखेर, सुट्टी. बाप धक्क्यावर जात नाही, रिकाम्या शाळेत जातो. दाराशी मुलांनी विसरलेल्या छत्र्या आहेत. तो त्या मोजू लागतो. खाली बोटीचा भोंगा वाजतो. तो मोजत राहतो. एकतीस. भाग तिथे संपतो.

तोकुजी, एकतीस.

माझी मुलगी ज्या सकाळी गेली, त्या सकाळी मी शाळेत छत्र्या मोजल्या, आणि त्या एकतीस होत्या. नात्सुएला हे ठाऊक नाही. फुमी हे न कळताच गेली. जगात मी हे एका माणसाला सांगितले: फुमीच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, विधी आटोपून मंडळी गेल्यावर, तुझ्या घरी, तिसऱ्या प्याल्यानंतर. तू प्याला उलटा ठेवलास आणि म्हणालास, ‘हे इथंच राहील.’

मला एका ओळीचे उत्तर हवे आहे. त्या लोकांना हे कोणी सांगितले?

इसोबे


योनागो,
११ जून

मास्तर,

शाळा म्हटली की विसरलेल्या छत्र्या आल्याच. आणि तिसाच्या पुढे एकतीसच येतात रे, त्याला मी काय करू? योगायोग.

शुक्रवारचा भाग बघ. मीच म्हणालो होतो बघू नकोस, आता मीच म्हणतो बघ. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

सूनबाईने तुझ्यासाठी सुकी मासळी पाठवली आहे. ती तरी परत पाठवू नकोस.

तोकुजी


कुरोसे बेट,
२२ जून

हामासाकी तोकुजी यांस,

मासळी परत पाठवीत आहे.

काल बारावा भाग झाला. शेवटी नावे सरकतात. लोक तेव्हा उठून जातात. मी उठत नाही. मी यंत्र थांबवून प्रत्येक नाव वाचले. ‘माहितीसाठी साहाय्य’ या शीर्षकाखाली नगर कार्यालय आहे, मच्छीमार संघ आहे, आणि शेवटी हामासाकी तोकुजी आहे. नाव शुद्ध छापले आहे.

म्हणजे दीड वर्षापूर्वी, तू बेट सोडण्याआधीच्या नोव्हेंबरात, तुझ्याकडे पाच दिवस उतरलेली ती मंडळी. दोरांच्या खुंट्यांचे, शाळेच्या पायऱ्यांचे, गटारांच्या झाकणांचेसुद्धा फोटो काढणारी. तू मला सांगितलेस, ते समुद्रपक्ष्यांचे अभ्यासक आहेत. मी त्यांना रस्त्यात थांबवून पाणकावळ्यांविषयी अर्धा तास माहिती दिली. ते फार नम्रपणे ऐकत होते. त्यांतील एका मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ मला आता लागतो. ती पक्ष्यांविषयी ऐकत नव्हती. मी कसा उभा राहतो, ते पाहत होती.

माझी गोष्ट तू परक्यांना दिलीस, हा एक अपराध. ती खोटी करून दिलीस, हा दुसरा, आणि अधिक मोठा.

अकराव्या भागात योहेई एकतीस म्हणतो आणि त्याच्या हातातली छत्री खाली पडते. तो धावतो. एकशे चार पायऱ्या तो धावत उतरतो. धक्क्यावर लोक उभे आहेत, बोटीवरच्या मुलीच्या हातात निरोपाच्या रंगीत कागदी पट्ट्यांची रिळे, यांच्या हातात टोके, बोट सुटते आहे, पट्ट्या उलगडत आहेत. एक हिरवे टोक जमिनीवर पडले आहे. तो ते उचलतो. पण सर्वांदेखत उभे राहण्याची त्याला लाज वाटते, म्हणून मासळीच्या बर्फघराच्या मागे जातो आणि पट्टी तुटेपर्यंत टोक घट्ट धरून ठेवतो. मुलीला हात दिसत नाही. भिंतीच्या कोपऱ्यावर ताणलेली पट्टी तेवढी दिसते. आणि त्या एका पट्टीमुळे बाराव्या भागात ती परत येते.

मी धावलो नाही. मी त्या छत्र्या पुन्हा मोजल्या.

हा भाग मी सात वेळा पाहिला. सातव्या वेळी मी तो अशा जागी थांबवला, जिथे तो माणूस अजून पायऱ्यांवर आहे, आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहिलो. तुझ्या लबाडीने काय केले, ते तुला कळावे म्हणून हे लिहितो. तीन महिने मी एका माणसाला जीव लावला. तो मीच निघालो, पण कोणी तरी सुधारून लिहिलेला. मला शिपाई केले याचा मला राग नाही. शिपाई माझ्याहून बरा निघाला, याचा आहे.

आभारपत्र तसबिरीजवळून काढले आहे. यापुढे मला पत्र लिहू नये.

इसोबे शिगेनोरी


कुरोसे बेट,
१२ जुलै

हामासाकी तोकुजी यांस,

तू लिहू नयेस असे मी कळवले होते. मी लिहिणार नाही असे म्हटले नव्हते.

तुझ्या कर्तृत्वाचे फळ तुला ठाऊक असावे. दर बोटीला पंधरा-वीस तरुण उतरतात, हातात मालिकेतली चित्रे घेऊन ती जागेशी जुळवून पाहतात आणि गहिवरतात. पर्यटन समितीने बर्फघराच्या मागे पाटी लावली आहे: ‘येथे वडील उभे होते.’ परवा मी तिच्यापुढे उभा असताना दोन मुली आल्या.

‘आजोबा, आमचा एक फोटो काढता? असा नाही, आडवा. तो कोपरा आला पाहिजे.’

‘या कोपऱ्यात काय आहे?’

‘अय्या! तुम्ही इथलेच ना? इथंच तर योहेईबाबा उभे होते!’

‘इथे कोणीही उभे नव्हते.’

दुसरी हसली. ‘यांनी अकरावा भाग बघितलेला दिसत नाही. आजोबा, बघा हं. आणि रुमाल घेऊन बसा.’

‘मी तो सात वेळा पाहिला आहे.’

‘सात वेळा बघून असं बोलता? काळीज आहे का दगड?’ मग पहिली एकदम म्हणाली, ‘ए, थांब. यांचं वयपण बसतं बघ. आजोबा, तुम्हीच उभे राहा ना! प्लीज! फक्त एक मिनिट.’

तिने पिशवीतून हिरवी कागदी पट्टी काढून माझ्या मुठीत दिली. माझा खांदा धरून मला भिंतीला लावले. ‘मान जरा खाली. हां. आता लाज वाटल्यासारखं करा.’

मला काही करावे लागले नाही. तिने फोटो काढला आणि डोळे पुसले.

मी तिथे का उभा राहिलो, हे मला सांगता येत नाही. तुला विचारतही नाही. फक्त कळवतो.

इसोबे


ओसाका,
१५ जुलै

बाबा,

या पत्रात चुका असतील. असू देत.

दुकानात गिऱ्हाइकं त्या मालिकेबद्दल बोलत होती. ‘तुझ्या बेटासारखंच बेट आहे गं,’ म्हणाली. मी टाळत होते. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर अकरावा भाग लावला. डबा तसाच राहिला. तीन वाजता आलेल्या बाईंच्या केसांना मी तोच रंग दोनदा लावला, तेव्हा त्यांनीच मला खुर्चीवर बसवलं.

मी निघाले तेव्हा पाच पट्ट्या घेतल्या होत्या. हिरवी तुमच्यासाठी. ती मी कुणालाच दिली नव्हती. बोट सुटल्यावर ती बर्फघराच्या कोपऱ्यावर ताणलेली मला दिसली. मला वाटलं, वाऱ्याने उडून एखाद्या खिळ्यात अडकली. बाबा, तेवीस वर्षं मी असं समजत होते की मी एका खिळ्याला हात हलवत होते.

हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. म्हणजे ते ज्याने धरलं होतं, त्याच्याशिवाय त्या लोकांना कोण सांगणार? शेवटी तोकुजीकाकांचं नाव वाचलं आणि कळलं, तुम्ही त्यांच्याजवळ बोलला असणार. आई गेली तेव्हा मी तुमच्याशी दोन वाक्यं बोलले. ती दोन्ही मला आठवतात. मला ती परत घ्यायची आहेत.

पितरांच्या बोनसणाला १३ ऑगस्टच्या सकाळच्या बोटीने येते. आईला फुलं वाहू. धक्क्यावर नाही आलात तरी चालेल. आता मला माहीत आहे.

नात्सुए


कुरोसे बेट,
१८ जुलै

तोकुजी,

सोबत नात्सुएच्या पत्राची प्रत. हिरवे टोक कोणी धरले होते?

शिगेनोरी


योनागो,
२१ जुलै

मास्तर,

मी.

पोरगी पाच टोकं घेऊन धक्क्यावर आली. फुमीवहिनीला एक, दोन मैत्रिणींना दोन, एक माझ्या बायकोला. पाचवं हिरवं, ते तिने खाली ठेवलं. उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला, आणि बोटीत चढली. शिडी ओढेपर्यंत तिचं लक्ष शाळेच्या पायऱ्यांवर होतं. मी दोरापाशी उभा, सगळं बघतोय. मनात म्हणतोय, ये रे मास्तरा, ये, अजून दोन मिनिटं आहेत. दोर मी त्या दिवशी दोन मिनिटं उशिरा सोडला. कप्तान वरून ओरडला, ‘तोकुजी, झोपलास का?’

मग सोडला. आणि ते टोक तसंच दगडाखाली. रीळ उलगडायला लागलं. मला ते बघवेना. उचललं आणि बर्फघरामागे गेलो. माझा तो केशरी कोट तिला एक मैलावरून ओळखू आला असता, म्हणून काढून टाकला. पट्टी तुटली तेव्हा बोट लाटांच्या बांधाबाहेर गेली होती. बस्स, एवढंच.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ‘तुला कोणी सांगितलं होतं?’

ती मंडळी आली तेव्हा शेगडीभोवती बसलो होतो. चित्रं काढणारी ती मुलगी पट्ट्यांबद्दल विचारत होती. मी सांगत गेलो. तुझं नाव घेतलं नाही, पण छत्र्या सांगितल्या, ते माझं पाप. आणि बर्फघरापाशी आलो नि ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं ‘बाप’. का ते देव जाणे. तुला पायऱ्यांवरून धावताना एकदा बघायचं होतं रे मला. मेल्यावर नाही, डोळे शाबूत असताना.

आता ऐक. जन्मभर तू दुसऱ्यांच्या चुका सुधारल्यास. ही एक राहू दे. हे तुला माहीत आणि मला माहीत, आणि आपण दोघं किती दिवसांचे? टोक तुझ्या हातात होतं. घे, दिलं तुला. मला नको ते.

पोरगी येतेय, मास्तर. तू खरं सांगितलंस आणि ती आलीच नाही तर? तिला येऊ दे.

तोकुजी


कुरोसे बेट,
२६ जुलै २०२४

नात्सुए,

उन्हाळा कडक आहे; ओसाकात अधिकच असेल. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याने पाणी पीत राहावे.

तुझ्या १५ जुलैच्या पत्रात तू म्हणतेस तशा चुका मला आढळल्या नाहीत. एकच आहे, आणि ती तू केलेली नाहीस, तुझ्याकडून करवली गेली आहे. हिरवे टोक माझ्या हातात नव्हते. मी धक्क्यावर आलो नव्हतो. ते टोक हामासाकी तोकुजीने दगडाखालून उचलले आणि तुटेपर्यंत धरून ठेवले. कोण आहे ते तुला कळू नये म्हणून त्याने अंगातला कोट काढला होता. तू खिळ्याला हात हलवत नव्हतीस. समोर माणूस होता. पण तो मी नव्हतो.

हे पत्र पाठवू नये असे त्याचे म्हणणे आहे. मीही तीन दिवस थांबलो. ते तीन दिवस फार चांगले गेले, हे तुला सांगितले पाहिजे. मी तुझी खोली झाडली. तुझ्या आईच्या तसबिरीपुढे ‘ती येते आहे’ असे मोठ्याने म्हटले. मग काल दुपारी मी दोन माणसांचे जेवण कसे मांडावे याचा विचार करीत होतो, आणि माझ्या ध्यानात आले, की जेवताना तू सहज विचारशील: ‘बाबा, त्या दिवशी वारा होता ना, हात गारठले असतील?’ आणि मला काही तरी उत्तर द्यावे लागेल. पहिल्या उत्तरानंतर दुसरे द्यावे लागेल. तू त्या शिपायाला भेटायला आलेली असशील, आणि मी त्याचे काम करीत बसेन. एकदा मी ते केले आहे. एका अनोळखी मुलीने माझ्या हातात हिरवी पट्टी देऊन मला भिंतीशी उभे केले, आणि ती रडली. तुझ्याबाबत मला ते करवणार नाही.

तोकुजीने माझा विश्वास मोडला, आणि मी त्याला अजून क्षमा केलेली नाही. करीन की नाही, ठाऊक नाही. परंतु जे त्याचे आहे ते त्याचेच. तू आधी त्याला पत्र लिहावेस.

आता मी का आलो नाही. लोक समजतात तसा तो राग नव्हता. राग आदल्या दिवशीच संपला होता. तू बोटीवरून माझ्याकडे पाहशील आणि मला एकही वाक्य सुचणार नाही, याची मला भीती वाटली. एवढेच. याहून चांगले कारण मी तेवीस वर्षे शोधले, ते नाही.

त्या मालिकेवर रागावू नकोस. मी रागावलो आहे, पण तो माझा प्रश्न. अकराव्या भागात तो माणूस पायऱ्या उतरू लागला, तेव्हा मी घरात एकटा असताना ‘धाव’ म्हणून ओरडलो. शेजारच्या नाकागामीबाई खरोखरच धावत आल्या.

ती दोन वाक्ये परत घेऊ नयेस. दोन्ही बरोबर होती.

मालिकेत, वर्तमानपत्रात आणि बर्फघरामागच्या पाटीवर तारखा आणि घटना वेगवेगळ्या दिल्या आहेत. त्या अशा वाचाव्यात:

२६ मार्च २००१, सोमवार. ‘कोणत्या बोटीने जाणार ते मला सांगू नकोस,’ असे मी म्हणालो. मालिकेत हे महिनाभर आधी घडते. प्रत्यक्षात ते निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घडले, आणि कोणती बोट ते मला ठाऊक होते.

२७ मार्च २००१, मंगळवार. बोटीची वेळ सकाळी ९.२५. सुटली ९.२७ ला. तो दोन मिनिटांचा उशीर तोकुजीने माझ्यासाठी केला होता. मी शाळेत होतो. छत्र्या एकतीस, दोनदा मोजल्या. धक्क्यावर कोणीही धावत आले नाही.

११ फेब्रुवारी २०१५, बुधवार. तुझ्या आईचा अंत्यविधी. तू ३.१० च्या बोटीने परत गेलीस. घरात पाहुणे आहेत म्हणून मला येता येत नाही, असे मी सांगितले. पाहुणे दोन वाजताच गेले होते.

२९ मार्च २०१५, रविवार. छत्र्यांची गोष्ट मी तोकुजीला सांगितली. ती तुला सांगावयास हवी होती.

१० जुलै २०२४, बुधवार. बर्फघरामागे हिरवी पट्टी धरून उभा असलेला माझा एक फोटो लोकांत फिरत असल्यास, तो या दिवशीचा आहे. त्याआधी मी त्या जागी कधीही उभा राहिलेलो नाही.

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार. सकाळची बोट १०.४० ला लागते. मी साडेनऊपासून धक्क्यावर असेन. हे अजून घडलेले नाही. तू त्या बोटीत नसलीस, तरी ही नोंद अशीच राहील.

इसोबे शिगेनोरी